एचआरचं तीन ओळींचं पत्र

कॅनडाच्या पीआरचं डोक्यात आलं की आधी सगळे आयईएल्ट्सच्या क्लासला जातात. जावंच. ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हींत ७ बँड मिळाले तर एक्स्प्रेस एंट्रीत गुण चांगलेच वाढतात. माझं घोडं मात्र अडलं चाकणच्या जुन्या कंपनीच्या एचआरकडे.

‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्याकडे होते, वर्तणूक समाधानकारक, पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ असल्या पत्रावर इथे दुसरी नोकरी मिळते. कॅनडाच्या अधिकाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याला लेटरहेडवर पद, नेमकी कामं, आठवड्याचे तास, वर्षाचा पगार आणि सही करणाऱ्याचा हुद्दा-संपर्क हवा असतो. मी मेकॅनिकल इंजिनिअर, म्हणजे त्यांच्या व्यवसायांच्या वर्गीकरणातला (एनओसी) कोड २१३०१. त्या कोडखाली दिलेल्यांपैकी बरीचशी कामं मी खरंच करत होतो का, हे ते पत्रावरून ताडणार. कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ छापलं होतं, त्याचं कौतुक फक्त आमच्या सोसायटीत!

‘‘सर, आमचा फॉरमॅट ठरलेला आहे,’’ एचआरमधला मुलगा म्हणाला. त्याच्याशी भांडून उपयोग नसतो. तोच नकार ईमेलवर मागून घ्यावा. पुढे कामाला येतो. मी तेव्हाच्या साहेबांना गाठलं. त्यांनी माझ्या कामाचं वर्णन ॲफिडेव्हिटवर लिहून नोटरी करून दिलं. सोबत नेमणूकपत्र, फॉर्म १६, पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक आणि कंपनीचं तपशीलवार पत्र का नाही याचा खुलासा जोडला. ही जमवाजमव कॅनडाकडून अर्ज करण्याचं आमंत्रण येण्याची वाट न बघता करा. आमंत्रण आल्यावर अर्जाला ६० दिवस मिळतात, आणि साहेब नेमके तेव्हाच मुलीच्या लग्नात असतात.

पैशांचंही तसंच. कॅनडातली नोकरी हातात नसेल तर बहुतेकांना शिल्लक दाखवावी लागते. बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी येते, त्यामुळे मामांकडून आठवड्यापुरते उसने आणलेले लाख लगेच उघडे पडतात. शिवाय उसने पैसे चालतच नाहीत. गावाकडची जमीनही यात धरत नाहीत.

एका एजंटाने मला सरळ सांगितलं, ‘‘एनओसीच्या पानावरचं जसंच्या तसं उतरवू, शिक्क्याचं मी बघतो.’’ मी तिथूनच उठलो. तशी हुबेहूब नक्कल अनुभवी अधिकाऱ्याच्या डोळ्यात खुपते. आणि खोटा कागद सापडला तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होतं, तेही तुमचं. एजंट दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. सल्लागार हवाच असेल तर ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’च्या यादीत त्याचं नाव आधी शोधा. अर्जाच्या खात्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा आणि पाठवण्याआधी प्रत्येक पान स्वतः वाचा.