बरी झालेली कुत्री कुणाला द्यावी?

प्रश्न : गाडीखाली सापडलेली गावठी कुत्री आम्ही उपचार करून बरी केली. ती तीनेक वर्षांची असावी. मोठं कुत्रं नव्या घरी रुळत नाही म्हणतात. मग ताडोबाच्या बफरमधल्या नातेवाइकांच्या शेतावर मोकळी सोडावी का?
— एक वाचक, मूल (जि. चंद्रपूर)

उत्तर : मोकळी सोडू नका. जंगलाकाठी कुत्रं हे बिबट्याचं सोपं भक्ष्य. त्याच्या मागावर तो अंगणापर्यंत येतो. मोकाट कुत्री चितळांमागे लागतात आणि डिस्टेंपरसारखे रोग वन्यप्राण्यांत पसरवू शकतात. २०१८ मध्ये गीरच्या मृत सिंहांत हाच विषाणू आढळला होता.

मोठं कुत्रं रुळत नाही, हा गैरसमज आहे. सुरुवातीला ती बुजेल, कमी खाईल. एकाच माणसाने वेळेवर खाऊ घातलं, तर बहुतेक कुत्री काही आठवड्यांत घरची होतात. उलट मोठ्या कुत्रीचा स्वभाव कळलेला असतो. मुलं, कोंबड्या, शेळ्या यांच्याशी ती कशी वागते, ते आधीच सांगा.

देण्यापूर्वी रेबीज व डिस्टेंपरच्या लसी आणि नसबंदी पशुवैद्यकाकडून करून घ्या. लसीकरणाचं कार्ड सोबत द्या. घर स्वतः पाहा : कुंपण आहे का, घरातले सगळे राजी आहेत का? पंधरा दिवस ठेवून पाहा, नाही जमलं तर परत नेऊ, असं स्पष्ट बोला. नातेवाईकच घेणार असतील, तर अंधारापूर्वी ती बंद दाराआड हवी, ही अट घाला. ती तुमच्याकडे सुरक्षित आहे; घाई करू नका.