घरातील पाण्याची बचत : अल्प खर्चाची काही साधने

गावात नळ आला म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला, अशी समजूत सर्वत्र आढळते. जल जीवन मिशनने २०१९ पासून ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवले आहे. या हिशेबाने पाच माणसांच्या घरास २७५ लिटर पाणी मिळावयास हवे. परंतु उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागला, की नळ आठवड्यातून एखाद्या वेळी येतो व उरलेली गरज हंड्यावर भागवावी लागते. पंधरा लिटरचा हंडा धरला, तर २७५ लिटर म्हणजे अठरा हंड्यांहून अधिक पाणी. हे पाणी डोक्यावर वाहून आणण्याचे काम बहुतेक ठिकाणी घरातील स्त्रिया व मुली करतात. म्हणून बचतीच्या साधनाची किंमत रुपयांत न पाहता त्याने किती खेपा वाचल्या यावरून ठरविणे अधिक योग्य होय. लिटरचा हिशेब कोणी लक्षात ठेवत नाही, हंड्यांचा हिशेब मात्र घरातील प्रत्येकास समजतो.

शिळे पाणी

पिण्याच्या पाण्याची सर्वांत मोठी नासाडी गळक्या भांड्यातून होत नाही, ती एका सवयीतून होते. सकाळी ताजे पाणी आले, की आदल्या दिवशीचे उरलेले पाणी ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतून देण्याची चाल अनेक घरांत आहे. या चालीमागे निव्वळ अज्ञान आहे असे म्हणता येणार नाही. ज्या माठात दिवसभर दहा हात बुडाले, त्यातील पाण्याविषयी गृहिणीस शंका वाटणे स्वाभाविकच आहे. तेव्हा पाणी फेकू नका असा उपदेश करण्यापेक्षा पाण्यात हात बुडू न देण्याची सोय करावी, हे बरे. लांब दांडीचे ओगराळे, घट्ट बसणारे झाकण आणि माठ ठेवण्यास हातभर उंच ओटा एवढे त्यासाठी पुरेसे आहे. माठास तोटी असल्यास ओगराळ्याचीही गरज उरत नाही. ओगराळे खिळ्याला टांगावे. ते झाकणावर ठेवले की धूळ व माश्या बसतात. माठ आठवड्यातून एकदा आतून घासून धुवावा. मूळ पाणी शुद्ध केलेले असेल व साठवण अशी झाकलेली असेल, तर पाणी रोज ओतून देण्याचे कारण राहत नाही.

हात धुण्याचा डबा

तांब्याने हात धुताना एक हात तांब्यात गुंतलेला असतो, म्हणून दुसऱ्यावर पाणी नुसतेच वाहते. पायाने कलणारा डबा ही अडचण दूर करतो. हे साधन १९८० च्या दशकात झिंबाब्वेमधील ग्रामीण भागात प्रचारात आले व पुढे अनेक देशांतील शाळांनी ते उचलले. त्यात विकत आणावे असे फारसे काही नाही.

खाद्यतेलाचा पाच लिटरचा, मूठ असलेला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन गरम पाण्याने व साबणाने तेलकटपणा जाईपर्यंत धुवावा. कीटकनाशकाचा डबा मात्र कितीही धुतला तरी या कामी वापरू नये. पकडीत धरून तापविलेल्या खिळ्याने मुठीच्या विरुद्ध बाजूस, तोंडापासून सुमारे १२ सेंटिमीटर खाली एक छिद्र पाडावे. आत हवा जाण्यासाठी मागच्या बाजूस अगदी वर दुसरे बारीक छिद्र ठेवावे. हे विसरल्यास धार तुटक येते. बेचके असलेल्या दोन मेढी दीड हात अंतरावर, हातभर खोल पुराव्यात. मुठीतून गुळगुळीत काठी ओवून ती दोन्ही बेचक्यांवर आडवी ठेवावी. कॅनच्या मानेला दोरी बांधून तिचे दुसरे टोक जमिनीलगतच्या एका काठीच्या पुढच्या टोकास बांधावे. पाय दाबला की मान खाली ओढली जाते, डबा कलतो व छिद्रातून बारीक धार पडते. पाय उचलला की डबा पूर्ववत होतो. पाणी छिद्राच्या खालपर्यंतच भरावे. शेजारी दोरीला साबण टांगावा व त्यावर कापलेल्या बाटलीची टोपी घालावी, म्हणजे पावसाने तो विरघळत नाही.

शंभर मुलांच्या शाळेत मध्यान्ह भोजनापूर्वी प्रत्येकाने तांब्यातील अर्धा लिटर पाणी वापरले, तर ५० लिटर लागतात. डब्याच्या धारेने एका मुलामागे १०० मिलिलिटर धरले, तरी १० लिटरमध्ये काम होते. शिक्षकांनी हे आकडे गृहीत न धरता मुलांकडूनच मोजून घ्यावेत. गणिताच्या तासास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. डब्याखाली खडीचा थर द्यावा, अन्यथा तेथे चिखल होऊन मुले जवळ जाण्याचे टाळतात.

मोरी, परसबाग व शौचालय

मोरीचे पाणी खडी व वाळू भरलेल्या छोट्या खड्ड्यातून नेऊन केळी किंवा कर्दळीच्या आळ्यात सोडता येते. कोथिंबीर, मुळा यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते देऊ नये. वेलभाज्यांसाठी माठ अधिक उपयोगी पडतो. पाच ते सात लिटरचा, रंग न दिलेला मातीचा माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्याभोवती दोडका, कारले अथवा दुधीचे बी लावावे. माठातील पाणी पाझरते व थेट मुळांना मिळते. वरून ओतलेल्या पाण्याप्रमाणे ते उन्हाने उडून जात नाही. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील एका चिनी कृषिग्रंथात या रीतीचे वर्णन आढळते, म्हणजे ती काही आजची नव्हे. घासताना माठातून निघालेले स्वच्छ पाणी येथे कामी येते. साबणाचे पाणी मात्र माठात घालू नये, त्याने छिद्रे बुजतात.

शौचालयाच्या बाबतीत बांधकामाच्या वेळीच विचार करावा लागतो. तीव्र उताराचे ग्रामीण भांडे आणि सुमारे २० मिलिमीटर पाणी राहणारा कोंबडा बसविल्यास दीड ते दोन लिटर पाणी पुरते. शहरी पद्धतीचे सपाट भांडे बसविले, की पुढे कायम बादली लागते. टाकी असलेल्या घरात वाळूने भरलेली एक लिटरची बाटली टाकीत ठेवली, तर प्रत्येक वेळी सुमारे एक लिटर वाचतो. बाटली आतील दांडीस अडणार नाही एवढे पाहावे.

गळका नळ मोजण्यासही काही लागत नाही. नळाखाली तासभर भांडे ठेवून जमलेल्या पाण्यास चोवीसने गुणावे. अर्धा लिटर जमले, तर दिवसास १२ लिटर, म्हणजे जवळजवळ एक हंडा पाणी वाया जाते. पुष्कळदा दोष केवळ झिजलेल्या वायसरचा असतो. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याजवळ निरनिराळ्या मापांचे वायसर व एक पाना ठेवण्याची तरतूद करावी आणि महिन्यातून एकदा त्याने सार्वजनिक नळकोंडाळी व शाळेचे नळ तपासावेत.

पाणी साठविण्याची भांडी वाढली, की डासांची जागाही वाढते. डेंग्यूचा प्रसार करणारा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो व आठ-दहा दिवसांत नवी पिढी बाहेर पडते. यासाठी आठवड्यातील एक दिवस कोरडा पाळून रांजण, टाक्या व पिंपे रिकामी करून घासावीत. पुरलेल्या माठावर खापराचे झाकण असावे. कोरड्या दिवशी भांड्यांतून निघणारे पाणी आळ्यांत घालता यावे, म्हणून हा दिवस नळ येण्याच्या आदल्या दिवशी ठरविणे सोयीचे पडते.