दूरच्या भांडाराची रोजची मर्यादा

एरंडोलसारख्या गांवांतील शाळेचीं छायाचित्रें व चलचित्रें 'क्लाउड' या नांवाच्या दूरच्या संगणक-भांडारांत ठेवूं म्हटलें, तर लवकरच एक अडसर भेटतो. गूगल ड्राइव्ह एका खात्यावरून चोवीस तासांत ७५० गीगाबाइटांहून अधिक माहिती चढवूं देत नाहीं.

चतुर मंडळींनीं यावर युक्ति काढिली आहे. एका खात्याचा वाटा संपतांच दुसऱ्यावरून, तेंही अडलें कीं तिसऱ्यावरून माल धाडावयाचा. चार खातीं जोडलीं कीं रोज ३,००० गीगाबाइट!

परंतु हिशेब पुरता मांडूं. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे ७५० गीगाबाइटांस सेकंदाला सुमारें ८.७ मेगाबाइट, अर्थात् जवळजवळ ७० मेगाबिट वेग लागतो. ज्याची जोडणी सेकंदाला ४० मेगाबिटच वर धाडते, त्याचे दिवसाकाठीं ४३२ गीगाबाइट होतात. त्याला एका खात्याचाही वाटा संपवितां येत नाहीं. चार घागरी आणल्या म्हणून विहिरीचा झरा वाढत नाहीं.

दुसरी मर्यादा विनंत्यांच्या संख्येची. बारीक फाइली हजारों असल्या कीं प्रत्येकीसाठीं निराळी विनंती जाते; त्या एका गठ्ठ्यांत बांधाव्या. भांडारानें 'थांबा' म्हटल्यास एक, दोन, चार, आठ सेकंद असें वाढतें थांबावें, व त्यांत थोडा अनियमित वेळ मिळवावा. नाहींतर अडलेले सर्वच एका क्षणीं परत दारांत गर्दी करतात.

शेजारच्या धुळे जिल्ह्यांत पांझरेकांठीं फडांची जुनी चाल आहे. बंधाऱ्याचें पाणी पाटानें येतें व पाटकरी तें शेतोशेत देतो. तेथें एकानेंच चार नांवांनीं पाळ्या लाविल्या तर टोकाच्या शेताचें काय होईल? कंपनी कांहीं गरीब पाटकरी नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. तरी पाट सर्वांचाच. शिवाय मर्यादा चुकवूं नये असें गूगलच्या अटींत लिहिलें आहे, आणि अटी मोडणाऱ्याचें खातें बंद करण्याचा अधिकार कंपनीनें राखिला आहे. एकुलती प्रत तेथेंच असली, तर चार दिवसांची घाई फार महाग पडावयाची.

ज्यांची जोडणी वेगवान् आहे त्यांनीं 'आरक्लोन'सारख्या साधनांत सेकंदाला ८ मेगाबाइट एवढाच वेग बांधून द्यावा. दिवसाला सुमारें ६९१ गीगाबाइट जातात, मर्यादा आड येत नाहीं, आणि ३,००० गीगाबाइट एकाच खात्यावरून पांचव्या दिवशीं पोहोंचतात.