भय, माया आणि मुलाचा मेंदू

दिवाळीनंतर पेण व रोहा तालुक्यांतील कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामासाठी वाड्या सोडून जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांजबरोबर गेलेले मूल जूनमध्ये वर्गात येते, तेव्हा पुष्कळदा कोपऱ्यात बसते, प्रश्न विचारताच मान खाली घालते, क्वचित शेजाऱ्यावर हातही उगारते. ‘मठ्ठ’ वा ‘उनाड’ असा शिक्का मारण्यापूर्वी शिक्षकाने त्याच्या मेंदूत काय घडते ते जाणून घ्यावे.

मेंदूत, दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर, बदामाच्या आकाराचे एकेक केंद्र असते. त्यास अमिग्डला म्हणतात. धोक्याची चाहूल टिपणे हे त्याचे एक मुख्य कार्य होय. चाहूल लागताच छाती धडधडते आणि शरीर पळण्यास वा झुंजण्यास सिद्ध होते. चढलेला आवाज किंवा वर्गाचे हसणेही त्यास पुरते. विचार करणे व स्वतःस आवरणे ही कामे कपाळामागील भागाची. तीव्र भीतीत ती मंदावतात. म्हणून घाबरलेल्या मुलास येत असलेला पाढाही आठवत नाही. शिवाय हा भाग पंचविशीच्या सुमारास परिपक्व होतो. सात वर्षांच्या मुलाकडून प्रौढाच्या संयमाची अपेक्षा रास्त नव्हे.

या भागाचे महत्त्व एका अपघाताने जगासमोर आणले. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावरील मुकादम फिनिअस गेज याच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, परंतु पूर्वीचा समतोल मनुष्य लहरी व शिवराळ बनला, असे त्याच्या डॉक्टरांनी नोंदविले. तरीही पुढे चिली देशात त्याने कित्येक वर्षे घोडागाडी हाकली. नित्याच्या ठरलेल्या कामाने त्यास सावरले असावे, असे काही अभ्यासक मानतात.

मुलाचा मेंदू तर पेणच्या मूर्तिकाराच्या हातातील ओल्या शाडूसारखा. हात कसा फिरतो त्याप्रमाणे घडणारा. यास्तव परतलेल्या मुलास पहिल्या दिवशी नावाने हाक मारावी. त्यास ठरलेली जागा व एक सोबती द्यावा. फळ्यापुढे उभे करून लगेच परीक्षा घेऊ नये. विटांचे थर कसे मोजतात, कोणती रानभाजी कोठे उगवते, हे त्यासच वर्गाला सांगू द्यावे. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे. त्या मनाईचे कारण मेंदूच्या रचनेतही सापडते.

जूनमध्ये नाव पटावर आले, एवढ्याने शिक्षकाचे काम संपत नाही. ते मूल जुलैतही शाळेची वाट धरते की नाही, हे बहुधा त्या पहिल्या आठवड्यातील शिक्षकाच्या आवाजावर ठरते.