बॅटरीची निगा

यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यास पैनगंगेचा शेजार लाभला आहे. पेरणीच्या दिवसांत येथील ट्रॅक्टरला घटकाभर विसावा नसतो. पुढे मात्र तो कित्येक दिवस गोठ्याशेजारी उभा राहतो. नेमक्या निकडीच्या दिवशी किल्ली फिरवावी, तर यंत्र जागे होत नाही. पाऊस थांबत नाही आणि वापसा निघून जातो. पुष्कळदा दोष यंत्राचा नसून बॅटरीचा असतो. ती राबून नव्हे, रिकामी पडून राहिल्याने निकामी झालेली असते.

असे का व्हावे? 1859 साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून विजेची साठवण करून दाखविली. वाहनांच्या बॅटरीचे मूळ तत्त्व तेच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. वीज खर्च होऊ लागली, म्हणजे पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते व आम्ल सौम्य होते. बॅटरी चार्ज केली, की ही क्रिया उलट होते. परंतु बॅटरी फार दिवस रिकामी ठेवल्यास त्या सल्फेटाचे कठीण स्फटिक बनतात; मग कितीही चार्ज केले, तरी ते पुरते विरघळत नाहीत.

म्हणून वाहन उभे असले, तरी बॅटरी महिन्या-दीड महिन्याने चार्ज करून घ्यावी. कप्प्यांची झाकणे उघडता येत असतील, तर हायड्रोमीटरने परीक्षा करावी. बॅटरी पूर्ण भरलेली असता द्रवाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे 1.27 असते, 1.15 च्या आसपास उतरले, की ती जवळजवळ रिकामी झाली असे समजावे. विदर्भाच्या उन्हाळ्यात आतील पाणी लवकर आटते. पट्ट्या बुडतील इतके डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीच्या पाण्यातील क्षार बॅटरीस बाधतात. आटते ते पाणी, आम्ल नव्हे. म्हणून वरून आम्ल घालू नये.

चार्जिंग चालू असता हायड्रोजन वायू बाहेर पडतो व ठिणगीनेही त्याचा स्फोट होतो. तेव्हा जागा हवेशीर असावी. विडी-दिवा दूर ठेवावा. आम्लाने कातडी भाजते, म्हणून हे काम मुलांनी न करता जाणत्या माणसाच्या हातून होऊ द्यावे.

जे खर्चिले, ते वेळीच भरून काढावे, हाच बॅटरीच्या दीर्घायुष्याचा नियम होय.

स्वाध्याय
1. उभ्या वाहनाची बॅटरी का बिघडते?
2. कारणे द्या : बॅटरीत विहिरीचे पाणी घालू नये.
3. वाक्यांत उपयोग करा : निकड, निगा, वापसा.