अख्खं स्टिअरिंग मुंबईला नेऊ नका

गेमिंगचं फोर्स फीडबॅक स्टिअरिंग बिघडलं की डहाणू-तलासरीकडच्या माणसाला पहिली पंचाईत पडते ती न्यायचं कुठे याची. मग चाक, पॅडल, अडॅप्टर असं सगळं खोक्यात कोंबून डहाणू रोडहून लोकल पकडायची, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा आणि तिथे ऐकायचं, ‘अहो, फक्त अडॅप्टर गेलाय.’ तिकिटाचे पैसे फारसे नसतात, पण दिवस जातो. रविवारी गेलात तर बहुतेक दुकानं बंद. म्हणून बिघाड कुठल्या भागात आहे हे घरीच ठरवा आणि तेवढाच भाग घेऊन बाहेर पडा.

पहिली तपासणी फुकटात होते. लॉजिटेकचं जी२९ किंवा जी९२३ यूएसबी आणि अडॅप्टर दोन्हीला जोडलं की आपण होऊन एका टोकापर्यंत फिरतं, मग दुसऱ्या टोकाला जातं आणि मधोमध येऊन थांबतं. ही फेरी नीट बघा, निम्मं निदान त्यातच आहे. चाक हललंच नाही तर संशय अडॅप्टरवर. फेरी झाली पण मधल्या जागी वाकडं थांबलं, तर आतली चकती. फेरी व्यवस्थित, पण गेममध्ये हाताला जोर लागत नाही, तर बहुतेक वेळा सेटिंगचा घोळ: गेममधला फोर्स फीडबॅक शून्यावर असतो, किंवा कंपनीचं सॉफ्टवेअर अपडेट होताना जुनी प्रोफाइल उडालेली असते. प्लेस्टेशन ५ वर जी२९ वापरत असाल तर चाकावरचा खटका पीएस४ कडे आहे ना, तेही बघा. यूएसबी हब काढून वायर थेट संगणकाला लावा आणि शक्य असेल तर शेजारच्या दुसऱ्या संगणकावर एकदा जोडून पाहा. इथपर्यंत एक रुपयाही लागत नाही.

आता अडॅप्टर. जी२९ चा अडॅप्टर २४ व्होल्टचा. तो तपासायला गेमिंगवाला कारागीर लागत नाही. तलासरीत हायवेच्या कडेला गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या कोणाकडेही मल्टिमीटर असतो, पाच मिनिटांचं काम. फक्त एक लक्षात ठेवा, नुसत्या अडॅप्टरवर २४ दिसले म्हणजे तो धडधाकट असं नाही. मोटरचा भार आला की काही अडॅप्टर मान टाकतात. चाक वळणावर जोर लावतं आणि त्याच क्षणी बंद पडून पुन्हा फेरी घेतं, हे त्याचं लक्षण. नवा घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिनेची जाडी आणि धन-ऋण बाजू लेबलाशी जुळणारी. खर्च साधारण ८०० ते १,५०० रुपये. घरात पडलेला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लावून बघण्याचा मोह टाळा.  नवा अडॅप्टर जपायलाही हवा: आपल्याकडे महावितरणची वीज, आणि पावसाळ्यात दाब कसा वरखाली होतो ते वेगळं सांगायला नको. बऱ्यापैकी सर्ज प्रोटेक्टर हजाराच्या आत येतो.

बोर्डी, घोलवड, चिंचणी या किनाऱ्याच्या गावांत पॅडल आधी बिघडतात. पॅडलखाली पोटेन्शिओमीटर असतो. त्यात धूळ आणि खारी हवा शिरली की ब्रेक न दाबता गाडी थांबते, किंवा ॲक्सिलरेटर मध्येच उसळतो. विंडोजच्या सर्चमध्ये जॉय डॉट सीपीएल असं इंग्रजीत टाइप करून गेम कंट्रोलरची खिडकी उघडा आणि पॅडल अगदी सावकाश दाबा. पट्टी सरळ न सरकता थरथरली की चोर सापडला. कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा २५० ते ४०० रुपयांना मिळतो. वायर काढून फवारा मारा, पॅडल वीस-पंचवीस वेळा दाबा, पूर्ण वाळू द्या. गंज सोडवायचं तेलकट स्प्रे इथे चालत नाही, ते धूळ धरून ठेवतं. तरीही थरथर राहिली तर पोटेन्शिओमीटर बदला. मोबाइल दुरुस्तीवाला सोल्डरिंग करून देतो, भाग आणि मजुरी मिळून पाचशे-सातशेत भागावं. त्याच्याकडे फक्त पॅडल न्या.

खरं नाजूक दुखणं चकतीचं. मोटरच्या दांड्यावर बारीक रेषांची छोटी प्लास्टिकची चकती असते. चाक किती फिरलं हे सेन्सर त्या रेषा मोजून ओळखतो. चकतीला केसाएवढी चीर गेली की ती दांड्यावर घसरते, आणि सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढू लागते. सुटी चकती ऑनलाइन काही शे रुपयांना मिळते. खर्च आहे तो चाक उघडण्याच्या मजुरीचा: दीड ते तीन हजार धरून चला. वॉरंटी चालू असेल तर स्क्रूला हात लावू नका.

मोटर किंवा सर्किट बोर्ड जळाल्याचा वास येत असेल तर कारागिराला आधी एकच विचारा, ‘उघडून बघायचे किती, आणि दुरुस्त झालं नाही तर किती?’ आकडा लिहून घ्या, जीएसटी धरून की सोडून तेही. जी२९ नवं पंचवीस-पस्तीस हजारांच्या घरात जातं. दुरुस्ती दहा हजारांवर जात असेल तर मी नाही करणार. थ्रस्टमास्टर टी३०० सारखं पट्ट्याचं चाक तासाभराने ढिलं पडत असेल तर मात्र घाबरू नका. आधी पंख्याची जाळी साफ करा, मोटर तापली की जोर उतरतो.

वॉरंटीत दुकानदार टोलवत असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. चाक वापीहून घेतलेलं असलं तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. बिल मात्र हवं. गेमिंग पार्लरमध्ये तासावर भाड्याने दिलेलं चाक असेल तर प्रश्न वेगळा: व्यापारी वापर म्हणून वॉरंटी आणि तक्रार दोन्ही नाकारली जाऊ शकतात. पार्लर हा तुमचा स्वतः चालवलेला पोटापाण्याचा धंदा असेल तर कायद्यात सूट आहे, पण तसं तक्रारीतच स्पष्ट लिहावं लागतं.