शिष्यवृत्ती आणि मधला माणूस

विजय नगरहून महू साधारण तासाभराच्या वाटेवर आहे. बाबासाहेब आंबेडकर तिथे १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मले, हे आपल्याला पाठ असतं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली, हेही माहीत असतं. पण ते महाराजांपर्यंत पोहोचले कसे, हे परीक्षेत कुणी विचारत नाही.

मधे होते कृष्णराव अर्जुन केळुसकर. मुंबईच्या विल्सन हायस्कूलमधले शिक्षक आणि मराठी लेखक. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुढे घरून कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा गुरुजींनीच महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपये सुरू झाले. एल्फिन्स्टनमधून बी.ए. झालं. मग १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठ, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं; बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करार. मुलगा हुशार होता, देणारा राजाही होता. तरीसुद्धा एका मास्तरांना मधे उभं राहावं लागलंच.

आज महाराजांच्या जागी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल आहे. माझंच सांगतो. माझं आडनाव मार्कशीटवर 'एस'ने, आधारवर 'झेड'ने. (कॅथलिक घरांत हे नेहमीचंच, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिसरंच असतं.) फर्स्ट इयरला मी एका सायबर कॅफेत फॉर्म भरून घेतला. कॉलेजने दुरुस्तीसाठी तो परत पाठवला, पण मेसेज मला आलाच नाही. कॅफेवाल्या भैयांनी मोबाइल नंबर स्वतःचा टाकला होता! मला कळलं तोवर तारीख निघून गेली होती. पप्पा काही बोलले नाहीत, फक्त ओव्हरटाइम घेऊ लागले. ते न बोलणं जास्त लागलं.

म्हणून मी जे शिकलो ते इथे लिहितोय.

बारावीत आपल्या बोर्डात आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असाल आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर केंद्राची कॉलेज-विद्यापीठ विद्यार्थ्यांसाठीची योजना आहे. पदवीच्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये, एम.ए.ला २०,०००. निम्म्या जागा मुलींच्या. लक्षात घ्या, ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के नव्हे. माझ्या वर्गातल्या दोघींनी याच गैरसमजात फॉर्म भरला नाही. दुसरं, एकदा मिळाली की झालं असं नाही. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आणि त्यासाठी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी हवी. लेक्चर बुडवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

बँकेचा घोळ तर सगळ्यात जास्त. 'खात्याला आधार जोडलंय' असं बँक सांगते, पण ते केवायसीपुरतं असू शकतं. सरकारी पैसा जमा व्हायला खातं डीबीटीसाठी सीड झालेलं लागतं, आणि पैसा शेवटी सीड केलेल्या खात्यात जातो. नवीन खातं उघडलेल्यांचे पैसे अशानेच जुन्या, विसरलेल्या खात्यात पडून राहतात.

आता आपल्यातल्याच काहींचा प्रश्न. झाबुआ-अलीराजपूरकडच्या भिल्ल ख्रिस्ती मित्रांना वाटतं की चर्चमध्ये जातो म्हणजे एसटीची शिष्यवृत्ती गेली. तसं नाही, अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. अनुसूचित जातीचं मात्र वेगळं आहे. १९५० च्या आदेशाप्रमाणे तो दर्जा हिंदूंना, पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. मला हे न्याय्य वाटत नाही. पण फॉर्म भरताना नियम माहीत असलेला बरा, नाहीतर वर्षभर आशेवर बसायचं.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जुन्या याद्यांपासूनही सांभाळा. त्यांत अजून मौलाना आझाद फेलोशिप असते, जी २०२२ मध्येच बंद झाली. योजना चालू आहे की नाही, हे आधी पोर्टलवर बघायचं, मग धावपळ करायची.

राज्याच्या योजनांना समग्र आयडी लागतो, बहुतेक ठिकाणी मूल निवासी प्रमाणपत्रही. बऱ्हाणपूरहून आलेल्यांना अडचण नाही, तेही मध्य प्रदेशच. जळगाव-अकोल्याहून आलेल्यांनी मात्र महाराष्ट्राच्या योजना तपासाव्यात, कारण जातीवर आधारित शिष्यवृत्ती साधारणपणे मूळ राज्याकडूनच मिळते.

या सत्रात आम्ही थर्ड इयरचे चौघे दर शनिवारी दुपारी दोननंतर लायब्ररीच्या मागच्या टेबलावर बसणार आहोत. येताना दहावी-बारावीच्या मार्कशीट, आधार, उत्पन्नाचा दाखला आणि पासबुक आणा. आणि मोबाइल, स्वतःचा.